गोळीची सोयरीक

वाचकहो, दिवाळीच्या अंकात बंदूक काढतो म्हणून दचकू नका. टिकल्यांच्या पिस्तुलाचेच दिवस आहेत. शिवाय आम्हा पिंपळे गुरवकरांना दारूगोळा परका नाही. दापोडीचा पूल ओलांडला की खडकी, आणि तेथे १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना!

माझी एक विद्यार्थिनी बालेवाडीला नेमबाजी शिकते. वडील चाकणला फिटर. परवा ते घरी आले. "सर, भारीतली काडतुसे घेऊन दिली तर पोरीचे गुण वाढतील का? पतपेढीतून कर्ज काढतो." मराठीच्या मास्तराने काय सांगावे? काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, एवढेच माझे भांडवल. मग चार जाणत्यांना विचारले, तेव्हा कळले की प्रश्न किमतीचा नसून सोयरिकीचा आहे.

नळीच्या आत पिळाचे आटे असतात. त्यांनी गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी मिळते, म्हणून ती सरळ जाते. गोळी लांब, तर फिरकीही जास्त हवी. अमेरिकेच्या एम-१६ए१ रायफलीत १२ इंचांत एक फेरा होता. साडेतीन ग्रॅमच्या गोळीला तो पुरे. १९८० मध्ये नाटोने चार ग्रॅमची लांब गोळी स्वीकारली, ती त्या नळीतून गटांगळ्या खाई. शेवटी ७ इंचांत एक फेरा अशी नळी करावी लागली. आट्यांचे हे गणित फिटरला दोनदा सांगावे लागले नाही.

अर्धस्वयंचलित रायफलीत सासरची माणसे आणखी वाढतात. बार उडाल्यावर त्याचाच वायू पुढचे काडतूस भरतो. दारू कमजोर असली तर ते मध्येच अडकते. भरताना धक्का बसून गोळी कवचात दबली, तर दाब बदलतो आणि नेम चुकतो. आपल्या जवानांच्या जुन्या एसएलआरला तो वायू कमीजास्त करण्याची सोयच होती.

पोरीची रायफल मात्र एकेक काडतूस हाताने भरण्याची. अशाच रायफलीने कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकले. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! तेथे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन घाण्यांतली काडतुसेसुद्धा एका नळीला सारखी मानवत नाहीत. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे उडवून पाहतात आणि जमेल ती घाऊक घेतात.

"अहो, कर्ज राहू द्या, आधी थोडी थोडी उडवून पाहा," मी म्हटले. त्यांनी पाच प्रकार पाहिले. सर्वांत महागडी छिद्रे विखुरली, मधल्या किमतीची एका जागी बसली. तिच्या पेटीवरचा घाण्याचा क्रमांक आता त्यांनी कारखान्याच्या पासामागे लिहून ठेवला आहे.