एकच विषय पुरे!



अंक काढायची वेळ आली की दर खेपेस आमच्यापुढे तेच संकट उभे राहते. पाने झेरॉक्सला द्यायची तारीख जवळ येते आणि मुलांकडे लेख मागितला की उत्तर मिळते, "काकू, मला काही सुचत नाही." मग आईबाबा मदतीला धावतात आणि दोन दिवसांत आमच्या हाती एक सुंदर, वळणदार लेख येऊन पडतो. नऊ वर्षांची मुलगी त्यात लिहिते, 'निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रफुल्लित होते.' पालकहो, आम्हाला कळते बरे का! 'प्रफुल्लित' हा शब्द तिला अजून वाचताही येत नाही, हे आम्ही शनिवारीच पाहिलेले असते.

पण दोष केवळ पालकांना देऊन चालणार नाही. आमचीही चूक झाली आणि ती इथेच कबूल करतो. आम्ही दर पंधरवड्याला नवा विषय देत आलो. माझी आई, दिवाळी, माझी भारतभेट, पावसाळा, माझा आवडता प्राणी. मुले प्रत्येक विषयावर आठ ओळी लिहितात, खाली 'धन्यवाद' लिहितात आणि वही मिटतात. वर्षाच्या शेवटी वहीत वीस निबंध जमतात, पण ते सगळे आठ ओळींचेच! शिवाय या आठ ओळी सगळ्यांच्या सारख्याच असतात. आई प्रेमळ असते, दिवाळीत फराळ असतो, भारतात खूप गर्दी असते. मुलाचे स्वतःचे असे जे काही असते ते नवव्या ओळीपासून सुरू होते, आणि नेमके तिथेच आम्ही विषय बदलत होतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत झाले आहे की मुलांना वर्षभरात वीस विषय देण्याची गरज नाही. एकच द्यावा, आणि त्याच्याभोवती त्यांना निरनिराळ्या बाजूंनी फिरू द्यावे.

यात आमचा काही शोध नाही. आपल्या मोठ्या लेखकांनी हेच केले आहे. साने गुरुजी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. विषय कोणता? 'माझी आई'. म्हणजे आपल्या वर्गात आठ ओळींत संपतो तोच! गुरुजींनी त्याच्या बेचाळीस रात्री केल्या. त्यातली 'अळणी भाजी' आठवून पाहा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. तिला वाईट वाटू नये म्हणून वडील काही न बोलता जेवतात, मुलेही जेवतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. एवढीच घटना! दुसऱ्या एका रात्री श्याम झाडाच्या कळ्या तोडून आणतो, आणखी एका रात्री तो पोहायला जायला घाबरतो आणि आई त्याला चांगला चोप देते. 'माझी आई प्रेमळ आहे' हे वाक्य लिहिण्याऐवजी गुरुजींनी ती नेमकी कधी, कुठे, कशी प्रेमळ होती ते एकेक करून सांगितले.

दुसरे उदाहरण 'गीतरामायणा'चे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत. दर आठवड्याला एक गीत असे ते वर्षभर चालले. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून चार गीते जास्त झाली आणि एकूण संख्या छप्पन्न झाली. रामाची गोष्ट घरोघरी आधीच ठाऊक होती. मग लोक दर आठवड्याला रेडिओपाशी का बसत? कारण माडगूळकरांनी बोलणारे तोंड बदलत ठेवले. कधी कौसल्या बोलते, कधी सीता, कधी भरत, कधी शबरी. गोष्ट तीच असली तरी प्रत्येकाच्या तोंडून ती निराळी होते.

कोणी म्हणेल, "ते गुरुजी आणि ते गदिमा! आमच्या चिंट्याला हे कसे जमणार?" म्हणून आता आपल्याच वर्गातली हकिगत सांगतो.

जूनमधली गोष्ट. त्या दिवशी निबंधाचा विषय होता 'माझे आवडते फळ'. एका मुलीने लिहिले, 'मला स्ट्रॉबेरी आवडते. ती लाल असते. ती गोड असते. धन्यवाद.' आम्ही नेहमीप्रमाणे शाबासकी देऊन पुढच्या वहीकडे वळणार होतो, पण तिला सहज विचारले, "तुझ्या आजीला कोणते फळ आवडायचे, ती तुझ्याएवढी होती तेव्हा?" तिला ते ठाऊक नव्हते. "मग विचारून ये," आम्ही म्हटले.

पुढच्या शनिवारी ती पानभर लिहून घेऊन आली. आजीने लहानपणी स्ट्रॉबेरी पाहिलीसुद्धा नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीत भावंडे डोंगरात करवंदाच्या जाळीत शिरायची, हातापायांवर ओरखडे घेऊन यायची. करवंद फोडायच्या आधी एकमेकांना विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघाले तर कोंबडा, नाहीतर कोंबडी. आमच्या या विद्यार्थिनीने लगेच सुरी घेऊन स्ट्रॉबेऱ्या कापल्या. दुकानातली एक आतून पांढरट निघाली, शेतावरची एक आतपर्यंत लाल. बेलव्ह्यूच्या स्वयंपाकघरात कोंबडा-कोंबडीचा खेळ सुरू झाला! या पानात 'प्रफुल्लित' नव्हते, चार शुद्धलेखनाच्या चुका होत्या आणि 'ओरखडे' हा शब्द आजीकडून नवा शिकलेला होता. आमच्या मते हा वर्षातला सर्वांत चांगला लेख होता.

मग तो विषय आम्ही सोडलाच नाही. एका मुलाने बाबांबरोबर जॅम करून त्याची कृती लिहिली, आणि पातेले कसे करपले तेही प्रामाणिकपणे लिहिले. दुसरीने आत्मकथन लिहिले: 'मी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बोलतेय.' महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात येते, तर आपल्याकडे इथे जूनमध्ये. म्हणून तिची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इथल्या बहिणीला विचारते, "तू एवढी उशिरा का उठतेस गं?" सर्वांत लहान मुलाने कोडे घातले: 'डोक्यावर हिरवी टोपी, अंगावर बाहेरून बिया, ओळखा पाहू मी कोण?'

वर्गातल्या थोरल्या मुलाला हे सगळे पोरकट वाटत होते. त्याला आम्ही म्हटले, "बेलव्ह्यूत पूर्वी स्ट्रॉबेरी कोण पिकवीत असे, ते शोध." तो वाचनालयात गेला आणि गप्प होऊन परत आला. आपल्या या गावात १९२५ सालापासून दर वर्षी स्ट्रॉबेरीचा उत्सव भरत असे. ती पिकवणारे शेतकरी बहुतांशी जपानी होते. जंगलतोड झालेल्या जमिनीतले झाडांचे मोठमोठे बुंधे उपसून त्यांनी इथे शेते तयार केली होती. वॉशिंग्टन राज्याच्या १९२१ च्या कायद्यामुळे जपानहून आलेल्या लोकांना जमीन विकत घेता येत नसे. बरेच जण दुसऱ्याची जमीन खंडाने कसत. १९४२ साली, युद्ध चालू असताना, सरकारी हुकमाने या कुटुंबांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. इथेच जन्मलेली, अमेरिकेची नागरिक असलेली त्यांची मुलेही त्यातून सुटली नाहीत. पीक शेतात होते, पण पिकवणारे नव्हते. उत्सव बंद पडला. युद्धानंतर त्यांतली थोडीच कुटुंबे बेलव्ह्यूला परतली. अमेरिकी सरकारने कायदा करून माफी मागितली ती १९८८ साली.

हे सगळे त्याने मराठीत लिहिले. 'छावणी' आणि 'हुकूम' हे शब्द त्याने आमच्याकडून मागून घेतले. शेवटी त्याने एकच प्रश्न लिहिला होता: 'त्या घरातल्या मुलांनी जाताना बरोबर काय नेले असेल?' पालकहो, आपणही दुरून येऊन याच मातीत राहतो आहोत. 'माझे आवडते फळ' या विषयातून एक मुलगा या प्रश्नापर्यंत पोचला. नवा विषय दिला असता तर तो 'माझा आवडता खेळ' यावर आठ ओळी लिहून मोकळा झाला असता.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळतो, कारण हा प्रश्न नुसत्या निबंधाचा नाही. आपली मुले भारतात फोन करतात तेव्हा काय बोलतात ते आठवा. "मी बरी आहे. शाळा छान आहे. आईला देऊ?" हेही आठ ओळींचेच संभाषण! मुलांना मराठी येत नाही म्हणून ते थांबते असे आपण समजतो. आमचा अनुभव निराळा आहे. विचारायला काही नसते म्हणून ते थांबते. करवंदांच्या त्या लेखासाठी आमची विद्यार्थिनी आजीशी अर्धा तास बोलली. फोन आईकडे द्यायची आठवण झाली नाही, असे आईनेच आम्हाला सांगितले.

आणि वेळ फार नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. एका मुलाने आजोबांना विचारायला पाच प्रश्न वहीत लिहून ठेवले होते. दोन विचारून झाले. उरलेले तीन 'पुढच्या रविवारी' म्हणून राहिले, आणि त्या रविवारच्या आत आजोबा गेले. त्याने ते तीन प्रश्न खोडलेले नाहीत. आम्हीही त्याला खोडायला सांगितले नाही.

काही पालकांची शंका आम्हाला ठाऊक आहे. एकच विषय चघळत बसले तर मुले कंटाळणार नाहीत का? आमटीत पाणी घालून ती वाढवण्यासारखे ते होणार नाही का? शंका रास्त आहे. स्ट्रॉबेरी लाल असते हेच वाक्य पत्रात, संवादात आणि कवितेत घातले तर ती पाणी घातलेलीच आमटी! त्यासाठी आम्ही एक नियम ठरवला आहे. प्रत्येक नव्या लेखात एक तरी नवी गोष्ट हवी: नव्या माणसाला विचारलेला प्रश्न, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली वस्तू, स्वतःच्या हाताने केलेले काम, किंवा बोलणारे नवे तोंड. असे काही नसेल तर विषय खुशाल संपवावा. ओढूनताणून लिहू नये.

तेव्हा या सत्रात असे करायचे योजिले आहे. प्रत्येक मुलाने एकच विषय निवडायचा. तो जितका लहान आणि घरातला, तितका बरा. पोळपाट चालेल, आजोबांचा चष्मा चालेल, आपल्या खिडकीतून दिसणारा पाऊसही चालेल. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' या पुस्तकात वर्षाच्या बारा महिन्यांवर लेख लिहिले आहेत. बेलव्ह्यूच्या बारा महिन्यांवर अजून मराठीत कोणी लिहिले असेल असे वाटत नाही. ती जागा मोकळी आहे! निवडलेल्या विषयावर सत्रात सहा लेख लिहायचे. एक, मी काय पाहिले. दोन, घरातल्या मोठ्या माणसाने काय सांगितले. तीन, ते कसे करतात किंवा कसे चालते. चार, त्याचा जुना इतिहास. पाच, ती वस्तू स्वतः बोलू लागली तर. सहा, माझा एक प्रश्न, ज्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

पालकांना हात जोडून तीन विनंत्या. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या, पण लेख लिहून देऊ नका. शब्द अडला तर तिथे इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहू द्या. मराठी शब्द नंतर शोधता येतो, तुटलेला विचार मात्र पुन्हा जुळत नाही. आणि चुका सुधारायच्याच असतील तर त्या पेन्सिलीने सुधारा, म्हणजे मुलाचे स्वतःचे वाक्य खाली दिसत राहील.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एकच सांगणे. आठवी ओळ लिहून झाली की 'धन्यवाद' लिहू नका. पेन्सिल खाली ठेवा, स्वयंपाकघरात जा, नाहीतर फोन उचला, आणि कोणाला तरी एक प्रश्न विचारा. परत आलात की नववी ओळ लिहा. ती आम्हाला वाचायची आहे.

पहिले लेख दोन आठवड्यांनी, शनिवारी वर्ग सुरू होण्याआधी द्यावेत. कागदाच्या एकाच बाजूला, ठळक अक्षरात लिहावे, म्हणजे झेरॉक्स नीट निघेल. करपलेल्या जॅमचे डाग चालतील!

लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
शनिवारच्या मराठी वर्गाचे शिक्षक