शेरा : 'मागणी नाही'

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी माझ्यापुढे एक यादी ठेवली. मी त्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस कागद वाचूनच सही करतो, असा लोकांचा समज असतो. त्या समजापोटीच मला तिथे घेतलं असावं. यादीत १८६ पुस्तकं होती. वर शीर्षक होतं, 'निर्लेखनासाठी प्रस्तावित ग्रंथ'. गेल्या दहा वर्षांत एकदाही कुणी घरी न नेलेली ही पुस्तकं. प्रत्येकापुढे एकच शेरा : 'मागणी नाही'. बावन्नाव्या क्रमांकावर माझीच कादंबरी होती.

बाई संकोचल्या. म्हणाल्या, "सर, ते नजरचुकीनं आलंय, काढून टाकते." मी म्हटलं, "नजरचूक कसली? नियम सगळ्यांना सारखा." म्हटलं खरं, पण सही केली नाही. आधी पुस्तकं पाहू द्या, असं सांगून वेळ मागून घेतला.

निर्लेखन हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. बुडीत कर्ज ताळेबंदातून काढलं, की बँकेत त्याला हाच शब्द. पण निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे. वसुलीचा हक्क शिल्लक राहतो. खात्यांचंही तसंच. दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर २०१४ पासून ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. तरीही खातेदार किंवा त्याचा वारस पुढे आला, तर पैसे परत मिळतात. व्यवहार नाही म्हणून शिल्लकच नाही, असं बँक म्हणत नाही. वाचनालयात मात्र तेवढ्यावरून पुस्तक रद्दीत जातं.

तेव्हापासून तीन आठवडे मी रोज सकाळी कपाटांपुढे बसलो. यादीतली पुस्तकं पाहिली, यादीबाहेरचीही पाहिली. मजकुराइतकंच लक्ष समासाकडे गेलं. पुस्तकावर लिहू नये, असा फलक वाचनालयात तीन ठिकाणी आहे. लोक लिहितात. मी ते लिहिण्याचं समर्थन करणार नाही. पण वाचकाचं खरं मत वाचायला मिळालं, ते तिथेच.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ सालची. आमच्या प्रतीत मध्यावर कुणीतरी निळ्या शाईत लिहिलं आहे, 'वाचून कंटाळा आला.' त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'तोच तर विषय आहे.' दोन वाचकांनी मिळून एक बऱ्यापैकी परीक्षण लिहिलं, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलंही नसेल. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त, धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवणाऱ्या त्या तरुण मास्तरच्या गोष्टीत, एका शिक्षकानं आपण पहिल्यांदा कुठल्या वस्तीशाळेवर रुजू झालो, ते तारखेसह नोंदवलं आहे. पुस्तक चांगलं की वाईट, याबद्दल अक्षर नाही. पण ही नोंद म्हणजे अभिप्रायच नाही का?

दया पवार यांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. आमच्या प्रतीत एका पानावरच्या चार ओळी कुणीतरी काळ्या शाईनं खोडल्या आहेत. बाजूला पेन्सिलीत, बारीक अक्षरात दुसऱ्या कुणीतरी लिहिलं आहे, 'खोडू नका. हे घडलं आहे.' त्या पाच शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. लिहिणारा पुरुष की बाई, कुठल्या आळीतला, काही कळायला मार्ग नाही. पण खोडणारा आणि थांबवणारा, दोघंही आमच्याच गावचे. या पुस्तकानं गावात काय केलं, हे देवघेवीच्या आकड्यातून कधीच कळलं नसतं.

याचा अर्थ वाचकाचं प्रत्येक मत शिरोधार्य मानावं, असा नाही. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला! शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं दुःख त्या कथांमध्ये होतं. त्या दुःखाचं काय करायचं, यापेक्षा ही विभावरी शिरूरकर कोण, याचीच पुष्कळांना जास्त फिकीर होती. पुढे त्या मालतीबाई बेडेकर, हे सर्वांना कळलं. गदारोळ करणाऱ्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत; पुस्तक मराठीत टिकून आहे. तेव्हा वाचक चुकतो, पुष्कळदा रागानं चुकतो. पण त्याचा राग नोंदलेला असला, तर पुढच्या वाचकाला तो तपासता तरी येतो. 'मागणी नाही' या शेऱ्यात तपासण्यासारखं काहीच नसतं.

ग्रंथपालबाईंची बाजूही खोटी नाही. कपाटं भरली आहेत, वाळवी आहे, पावसात मागची भिंत ओल धरते. नवी पुस्तकं ठेवायची तर जुन्यांना जागा सोडावीच लागते. यादीत पंचवीस वर्षांपूर्वीची आयकराची मार्गदर्शकं होती, बाद झालेल्या अभ्यासक्रमाच्या गाइडांचा गठ्ठा होता. ती जायलाच हवीत. अशा ७१ पुस्तकांवर मी डोळे झाकून सही केली. उरलेल्या ११५ पुस्तकांसाठी मंडळापुढे एक साधी सूचना ठेवली. पुस्तक काढण्याआधी दोन सभासदांनी ते पूर्ण वाचावं आणि चार-चार ओळींचं मत सहीनिशी नोंदवहीत लिहावं. दोघंही 'काढा' म्हणाले, तर काढावं. एकानंही 'ठेवा' म्हटलं, तर का ठेवायचं ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या आत चिकटवावं आणि ते पुस्तक वर्षभर दर्शनी कपाटात ठेवावं. म्हणजे समासात लपून लिहायची वेळही कुणावर येणार नाही.

बैठकीत एक सभासद म्हणाले, "साहेब, हल्ली लोकांना चार ओळी वाचायला वेळ नाही, लिहिणार कोण?" प्रश्न रास्त होता. नोंदवही ठेवून पाच महिने झाले. आतापर्यंत २३ पुस्तकांवर मतं आली आहेत. सर्वांत जास्त लिहितात ते एसटीतले एक निवृत्त कंडक्टर. त्यांच्या एका नोंदीचा आशय असा : पहिली साठ पानं सोसा, नंतर पुस्तक तुम्हाला सोडत नाही. कुठल्या परीक्षणातलं असं वाक्य वाचून मी पुस्तक उघडल्याचं मला आठवत नाही.

आता माझ्या कादंबरीबद्दल. ती आली तेव्हा तिच्यावर तीन परीक्षणं छापून आली होती. तिन्ही सौम्य होती, आणि तिघंही परीक्षक माझ्या परिचयाचे होते. वाचनालयाच्या प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं मी परवा प्रथमच वाचलं : 'नायकाची बायको चहा ठेवण्यापलीकडे काही करत नाही. लेखकाला खातेवही कळते, घर कळत नाही.'

खरं आहे. हे वाक्य मला तेव्हा मिळालं असतं, तर पुढची कादंबरी वेगळी झाली असती. ते पंचवीस वर्षं कपाटात पडून होतं, आणि पुस्तकाबरोबर रद्दीत जाणार होतं.

त्या पुस्तकाचं पुढे काय करावं, असं बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, स्वतःच्या कर्जाच्या अर्जावर अधिकाऱ्यानं सही करायची नसते. दोन सभासद ते घरी घेऊन गेले आहेत. त्यांतले एक ते कंडक्टर आहेत.