धाकातली शांतता

"घरात धाक असला की शांतता राहते," समुपदेशनाला आलेले नवरे मला ऐकवतात. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन चाळीस वर्षं जगाला हेच ऐकवत होते : दोघांकडे अण्वस्त्रं आहेत, म्हणून युद्ध होत नाही.

पण २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचा खोटा इशारा दिला. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. कामी आला तो धाक नव्हे, एका माणसाची शंका!

त्याआधीच, डिसेंबर १९८२ मध्ये, ब्रिटनमधल्या ग्रीनहॅम कॉमन तळावर अमेरिकी क्षेपणास्त्रं येऊ नयेत म्हणून सुमारे ३०,००० बायकांनी हात गुंफून तळाला वेढा घातला होता.

मैत्रिणींनो, भीतीने गप्प बसणं म्हणजे शांतता नव्हे, हे आपण घरातच शिकलो. आता शस्त्रधाऱ्यांनाही ते सुनावू या.