तेजपूर, जिल्हा सातारा

अजय देवगण आणि खाकी म्हटलं की आता सगळ्यांना 'सिंघम'च आठवतो. हवेत उडणाऱ्या गाड्या, खाडकन कानाखाली आवाज, पब्लिक खूश. त्याच्या आठ वर्षं आधी याच माणसाने अगदी वेगळा एसपी केला होता. कमी बोलणारा, चिडला तरी आवाज सांभाळणारा. सिनेमा 'गंगाजल', दिग्दर्शक प्रकाश झा, रिलीज २९ ऑगस्ट २००३. थिएटरात शिट्ट्या पडल्या, पुढे सामाजिक विषयावरच्या सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि मग चॅनेलवाल्यांनी तो इतक्यांदा लावला की जाहिरातींसकट पाठ झाला. आणि पब्लिकने तो एका कप्प्यात टाकून दिला. बिहारचा सिनेमा. तिकडे असंच चालतं बाबा.

माझं म्हणणं, हा कप्पा बदलायला पाहिजे.

झालं असं की फ्लॅट बदलताना एका खोक्यात 'गंगाजल'ची ओरिजिनल डीव्हीडी निघाली. आता डीव्हीडी आहे म्हणजे सिनेमा बघता येतो असं नाही. हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. शेवटी ऑफिसातल्या एका जुन्या खोडाकडून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आणला. (ही माणसं प्रत्येक ऑफिसात एक असतेच. केबल, चार्जर, फ्लॉपीसुद्धा मिळेल. जपा त्यांना.) प्रेक्षक तीन. मी साताऱ्याचा, एक मित्र वाईचा आणि एक सांगलीचा. तिघंही पुण्यात ईएमआय भरणारे.

वाईकराला सोबत घेऊन हा सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा आहे. कारण 'गंगाजल'मधलं बिहारचं तेजपूर बिहारमध्ये नाहीच. ते उभं राहिलं आपल्या सातारा-वाई भागात. त्यामुळे दर दहा मिनिटांनी पॉज. हा आमचा बोळ, ती आमच्या मावशीच्या घराची भिंत, तो मागे उभा राहिलेला माणूस बघ, बँकेत होता. त्यातले निम्मे दावे मी मान्य केलेले नाहीत. पण वाईकरांचा तोरा समजू शकतो. प्रकाश झाने 'मृत्युदंड'साठीही हाच भाग निवडला होता. 'स्वदेस'मधलं शाहरुखचं गाव मेणवलीच्या घाटावर वसलं, 'दबंग'चा चुलबुल पांडे याच रस्त्यांवरून फिरला. हिंदी सिनेमाला उत्तर भारत हवा असला की तो कृष्णाकाठी येतो. आता वाईत कॅमेरा लागला तर भाजीवाली मान वर करून बघतही नाही म्हणे.

तोंडंही आपलीच आहेत की! तेजपूरवर राज्य करणारा साधू यादव म्हणजे आपले मोहन जोशी. तेव्हा बिहारच्या मुख्यमंत्री असलेल्या राबडीदेवींच्या भावाचं नावही साधू यादवच, त्यामुळे तिकडे या नावावरून भरपूर राडा झाला. जोशींनी मात्र ओरडाआरडा न करता, पान चघळल्यासारख्या निवांतपणे दहशत उभी केली आहे. पोलीस खात्यातल्या वरच्या खुर्चीवर डॉ. मोहन आगाशे. हा योगायोग मला फार आवडतो. जब्बार पटेलांनी १९७२ मध्ये बसवलेल्या तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस केला तो आगाशेंनी. त्या नाटकातला नाना एका माणसाच्या हातात कोतवाली देतो, मोकाट सोडतो, आणि अंगाशी आल्यावर त्याला जमावाच्या हवाली करतो. त्याच नानांचा खराखुरा वाडा आहे मेणवलीत, वाईपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे पोलिसाला मोकाट कोण सोडतं या प्रश्नाला या भागात पूर्वीपासून पत्ता आहे.

गोष्ट थोडक्यात. अमित कुमार नावाचा नवा एसपी तेजपूरला येतो. गाव साधू यादव आणि त्याच्या पोराच्या, सुंदरच्या मुठीत. ठाण्यातले निम्मे पोलीस त्यांचेच मिंधे. त्यातला एक इन्स्पेक्टर बच्चा यादव (मुकेश तिवारीचं करिअरमधलं सर्वात भारी काम, पैज लावतो) हळूहळू एसपीच्या बाजूला सरकतो. आणि मग एके दिवशी त्याच्या ठाण्यात दोन गुंडांचे डोळे फोडून त्यात अॅसिड ओतलं जातं. गाव हादरत नाही. गाव खूश होतं.

थिएटरात या सीनला शिट्ट्या होत्या, नाणी उडाली होती. इथे फ्लॅटवर शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं. पंख्याचा आवाज आणि त्या माणसाची किंकाळी. टीव्हीवर हा भाग बहुतेक वेळा कापून दाखवत असावेत, कारण मला तो इतका लांब आठवत नव्हता. झा कॅमेरा हलवतच नाही. गर्दीसोबत बघितलेला सीन आणि तिघांत बघितलेला सीन हे दोन वेगळे सीन असतात, हे होम व्हिडिओचं सर्वात मोठं देणं.

हे झाने मनाने रचलेलं नाही. १९७९-८० मध्ये भागलपूरच्या पोलिसांनी तीसहून जास्त संशयितांचे डोळे सुया आणि अॅसिडने घालवले. खटले चाललेले नव्हते, गुन्हे सिद्ध झालेले नव्हते. 'गंगाजल' हे त्या अॅसिडचंच टोपणनाव. नोव्हेंबर १९८० मध्ये अरुण शौरी संपादक असताना 'इंडियन एक्स्प्रेस'ने हे बाहेर काढलं. पोलिसांवर कारवाई सुरू झाली तर भागलपूरचे लोक रस्त्यावर उतरले. कोणासाठी? पोलिसांसाठी. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८१ मध्ये कोर्टाने सांगितलं की गरीब आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात तेव्हापासून सरकारी खर्चाने वकील द्यायला हवा. आज कोणाही फाटक्या आरोपीला फुकट वकील मिळतो, त्यामागे त्या आंधळ्या झालेल्या माणसांचा खटला आहे.

ऐकलं की वाटतं, बिहार, १९८०, आपला काय संबंध? तर कृष्णा वाईहून खाली कऱ्हाडला जाते, वाळव्यावरून पुढे सांगलीला पोचते. त्या सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये लुटीच्या गुन्ह्यात संशयित म्हणून पकडलेला एक तरुण शहर पोलीस ठाण्यात मारहाणीत मेला. पोलिसांनी आधी तो पळून गेला असं सांगितलं. प्रत्यक्षात त्याचा मृतदेह गाडीत घालून थेट सिंधुदुर्गात आंबोलीला नेला होता आणि तिथे जाळला होता. पुढे एका उपनिरीक्षकासह काही पोलीस खुनाच्या गुन्ह्यात अटक झाले.

आमचा सांगलीकर त्या वेळी कॉलेजात होता. डोळ्यांच्या सीननंतर त्याने स्वतः पॉज केलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आमच्याकडं लोक उतरले होते रस्त्यावर. पण पोलिसांच्या विरोधात." बरोबर आहे. भागलपूर आणि सांगलीत हा फरक आहे आणि तो लहान नाही. तरी मी त्याला विचारलं, की पोरगा निरपराध आहे असं लोकांना वाटलं म्हणून उतरले, का पोलिसाने कोणालाच मारू नये म्हणून उतरले? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू प्ले कर."

आमच्या भागात हा प्रश्न अवघड आहे, कारण शॉर्टकट न्यायाची आमच्याकडे इज्जतदार आठवण आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. १९४३ ते ४६, तेव्हाचा सातारा जिल्हा, ज्यात आजचा सांगली जिल्हाही आला (१९४९ मध्ये वेगळा होऊन तो दक्षिण सातारा झाला, १९६० मध्ये सांगली). कुंडलसारख्या गावांतून ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून कारभार चालला. गावोगावी न्यायनिवाडे झाले, दरोडेखोर आणि खबऱ्यांना तळपायावर मार बसला, आणि लोकांनी प्रतिसरकारचं पत्रीसरकार करून टाकलं. घोड्याला ठोकतात तशी पत्री पायाला ठोकतात म्हणून. आमच्याकडे कुठल्याही घरात एखादा आजोबा असायचाच, जो हे सांगताना हातवारे करून मांडी थोपटायचा. ते ऐकत वाढलेल्या माणसाला 'गंगाजल'मधल्या गावाचा आनंद समजावून सांगावा लागत नाही. आतून कळतो.

पण एक गोष्ट आजोबा सोडून द्यायचे. पत्री ठोकणारे सरकारच्या विरोधात होते. पकडले गेले तर जन्म तुरुंगात, नाहीतर गोळी. बच्चा यादवच्या ठाण्यात सुई धरणाऱ्या हाताला मात्र महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो. हा फरक पुसला की कोणीही नाना पाटील होतो. ठाण्यातला शिपाईसुद्धा.

आणि टाळ्या वाजवणारे काही १९८० सोबत संपले नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांनी मारले, लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांची गोष्ट खोटी ठरवली. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या आरोपीला पोलीस गाडीत गोळी लागली, मिठाई वाटली गेली. जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत पाच पोलिसांवर बोट ठेवलं गेलं. त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलेले अंगठे मी मोजले नाहीत. गुन्हे भयानक होते, राग खरा होता, हे कोण नाकारतंय? 'गंगाजल'ही नाकारत नाही. साधू आणि सुंदरची इतकी चीड येईल असा सगळा बंदोबस्त झा पहिल्या तासात करून ठेवतो. मगच सुई बाहेर काढतो.

तिथून पुढचा सिनेमा खरा बघण्यासारखा आहे, आणि टीव्हीवर तेव्हाच आपण जेवायला उठायचो. एसपी एकटा पडतो. गुंडांविरुद्ध नव्हे, स्वतःच्या गावाविरुद्ध. ज्या लोकांसाठी लढतोय तेच त्याला सांगतात, साहेब, राहू द्या ना. आणि तो रागावून, थकून त्यांना एवढंच सांगू पाहतो की पोलीस काही आभाळातून पडत नाहीत, समाज असतो तसेच ते असतात. देवगणने हे भाषण जवळजवळ पुटपुटल्यासारखं केलंय. सिंघमने केलं असतं तर बॅकग्राउंडला ढोल वाजले असते. इथे समोरची गर्दी नुसती बघत राहते, पटलंय की नाही काही कळत नाही. आमचा वाईकर या सीनला पहिल्यांदाच गप्प होता. गर्दीत ओळखीचं कोणी दिसलं का, तेही सांगेना.

गाणी सरळ फॉरवर्ड करा, काही बिघडत नाही. ग्रेसी सिंगला करायला फार काही दिलेलं नाही, ही तक्रार २००३ मध्येही होती आणि आजही कायम आहे. माझी मोठी तक्रार शेवटाबद्दल आहे. अडीच तास अमित कुमार गळा काढून सांगतो, यांना कोर्टात न्यायचंय. आणि पटकथा त्या दोघांना कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊच देत नाही. झटापट होते, दोघेही मरतात, एसपीचे हात स्वच्छ आणि पब्लिकचे पैसे वसूल. झाला दोन्ही हवं होतं. लिहायला अवघड होता तो सीन त्यानंतरचा. साधू यादव इस्त्रीच्या कुर्त्यात कोर्टात बसलेला, एकेक साक्षीदार उलटतोय, तारखांवर तारखा पडताहेत, आणि बाहेर वडाखाली तेजपूरचं गाव डबे सोडून वाट बघत बसलंय. सातारच्या कोर्टाबाहेर मी असं गाव कितीदा बघितलंय. शूटिंगला कॅमेरा तिथून फार लांब नव्हता.