विश्लेषण: समुद्रात ‘आधी कोण’ हे कसं ठरतं? ‘नीलकमल’ दुर्घटनेत नियम कुठे अपुरे पडले?

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचा जीव गेला. त्यात नाशिक जिल्ह्यातल्या एकाच कुटुंबातले तिघं होते. व्हिडिओ व्हायरल झाला आणि अनेकांना एकच प्रश्न पडला: एवढ्या मोकळ्या पाण्यात बोटी एकमेकींवर आदळतातच कशा?

समुद्रात वाट कोणी द्यायची?

समुद्रात सिग्नल नसतात, पण नियम असतात. ‘कोलरेग’ नावाचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. इंजिनाच्या बोटींसाठी त्यातले मुख्य नियम असे:

• समोरासमोर आल्यास दोघींनी उजवीकडे वळायचं. म्हणजे आपल्या रस्त्यांच्या बरोबर उलट.
• वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी बोट उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यायची. शक्यतो तिच्या पुढून जायचं नाही.
• ओव्हरटेक करणारीने बाजूला राहायचं.
• शिडाच्या आणि जाळी ओढणाऱ्या बोटींना वाट द्यायची.

धडकेचा धोका कसा ओळखतात?

दुसरी बोट सतत त्याच दिशेला दिसत असेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर धोका आहे. तिची दिशा स्पष्टपणे बदलत गेली, तर बहुतेक वेळा ती पुढून किंवा मागून निघून जाते.

मग पहिला हक्क कुणाचा?

खरं तर कुणाचाच नाही. एकीने वाट द्यायची, दुसरीने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. पण पहिली हलत नाही असं दिसलं, तर दुसरीनेही धडक टाळायलाच हवी. ‘माझी बाजू बरोबर होती’ एवढ्यावर सुटका होत नाही.

‘नीलकमल’च्या वेळी काय झालं?

नौदलाच्या निवेदनानुसार, स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. इंजिनात बिघाड होऊन तिच्यावरचा ताबा सुटला. नियमांत ताबा सुटलेल्या बोटीचाही विचार आहे: तिने दिवसा दोन काळे गोळे लावायचे आणि इतरांनी तिच्यापासून दूर राहायचं. पण वेगात असलेल्या बोटीच्या बाबतीत काही क्षणच हाती असतात. गोळे लावायला वेळ नसतो आणि संथ प्रवासी बोटीला चटकन बाजूलाही होता येत नाही.

वाट देण्याचे नियम बोट चालकाचं ऐकते, हे गृहीत धरतात. ती ऐकेनाशी झाली की वाचवतं ते फक्त आधीपासून राखलेलं अंतर. म्हणून चाचणी कुठे घ्यायची, हा प्रश्न वाट कोणी द्यायची याइतकाच महत्त्वाचा आहे.

धडकेनंतर आणखी दोन गोष्टींवर जीव अवलंबून असतो: बोटीत माणसं किती आणि अंगावर लाइफ जॅकेट आहे का. ‘नीलकमल’ला ८४ प्रवाशांची परवानगी होती, प्रत्यक्षात बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती. गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, ती या दुर्घटनेनंतर.