गाणं शिकायला निघालात? तिसरा महिना सांभाळा!

गाण्याच्या क्लासला नाव घातलं की पहिले काही दिवस माणूस उत्साहात असतो. दुसऱ्या महिन्यात कंटाळतो आणि तिसऱ्या महिन्यात "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणून वही कपाटात टाकतो. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सा लावायला बसले. त्याला आता पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात आमच्या मिरजेच्या क्लासात आलेले नि गेलेले पुष्कळ पाहिले. माझं मत असं झालंय की त्यातले फार थोडे गळा नाही म्हणून गेले. बाकीचे गेले ते पुढे काय वाढून ठेवलंय हे कोणी आधी सांगितलं नाही म्हणून.

(मी गायिका नव्हे हं! घरच्या हळदीकुंकवाला दोन बंदिशी म्हणेन इतपतच माझी मजल. पण शिकाऊ माणसाचं दुखणं शिकाऊ माणसालाच कळतं.)

तर मंडळी, होतं काय ते सांगते.

पहिल्या दिवशी गुरुजी काहीतरी म्हणायला सांगतात. आरती, श्लोक, काहीही. आपल्याला वाटतं परीक्षा चाललीय. त्यांचं लक्ष असतं ते आवाज खाली कुठवर जातो आणि वर कुठे चिरकतो याकडे. त्यावरून पट्टी ठरते. पुरुषांची बहुधा काळी एकच्या आसपास, बायकांची काळी चार-पाचच्या. पण साठीच्या बायकांनी इथे सावध राहावं. वयाबरोबर आपला आवाज खाली उतरतो. जन्मभर रेडिओबरोबर लताबाईंची गाणी गुणगुणलेली असतात, त्यामुळे खालची पट्टी घ्यायला उगाच कमीपणा वाटतो. पांढरी चार मिळाली तर पांढरी चार, त्यात लाज कसली? उलट दहा वर्षांची नात आणि तिची आजी यांना एकाच सा वर गायला लावणारा क्लास असेल, तर भिडेखातर थांबू नका. दुसरा शोधा. आणि घसा दुखत असताना रेटून गायचं नाही. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर डॉक्टरला दाखवायचं.

मग सुरू होतो सा. नुसता सा. तंबोऱ्यावर लांब आकार लावायचा, श्वास संपला की पुन्हा. मग अलंकार, सरळ आणि उलटे. मग कधीतरी भूप नाहीतर यमन, त्यातली सरगम आणि त्रितालातली एखादी छोटी बंदिश. तीही हाताने ताल देत. सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली. हात नि तोंड यांचं भांडण तिथे जे लागतं, ते मिटायला मला चार महिने लागले होते!

नातेवाइकांना ज्याला 'गाणं' म्हणायचं असतं, म्हणजे भावगीत किंवा नाट्यगीत, ते पहिल्या वर्षात बहुधा येत नाही. पाहुणे म्हणतात, "क्लासला जातेस ना, म्हण की एखादं!" आणि आपल्याकडे असतात फक्त अलंकार. ही फजिती सर्वांची होते.

आता तिसऱ्या महिन्याकडे येते. माझी धाकटी जाऊ पुण्याला असते (ती हे वाचणार आहे, रागावू नकोस गं). भाऊजी गेल्यानंतर तिच्या घरात टीव्हीखेरीज आवाज उरला नव्हता. यंदा तिने धीर करून क्लास लावला. गेल्या आठवड्यात फोन आला, "वहिनी, मी क्लास सोडतेय. पूर्वी मी बरी गात होते हो. आता मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं मलाच ऐकवत नाही. शिकून बिघडलेच मी."

हेच वाक्य मी क्लासात कितीदा तरी ऐकलंय. बिघडत कोणी नसतं. कान पुढे गेलेला असतो आणि गळा मागे राहिलेला असतो. रोज तंबोऱ्यापाशी बसून कानाला खरा सा कळायला लागतो आणि आपला सा त्याच्या किंचित खाली राहिलाय हे पहिल्यांदाच ऐकू येतं. तो आधीही खालीच होता! तेव्हा ऐकू येत नव्हता, म्हणून आपण बरे गात होतो. शिवाय स्वतःचा आवाज आपल्याला एरवी डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये ते भरीवपण नसतं, त्यामुळे तो परका वाटतो. तो धक्का वेगळाच.

शाळेत निबंध तपासताना मला खाडाखोड केलेल्या वह्या आवडायच्या. सुवाच्य, एकटाकी निबंधापेक्षा स्वतःचंच वाक्य खोडून पुन्हा लिहिणारं पोर पुढे गेलेलं असतं. जाऊबाईंची सध्या खाडाखोड चालू आहे, एवढंच.

म्हणून माझा आग्रह असतो की सुरुवात पेटीवर करू नका. पेटीचा स्वर आयता असतो, त्याला टेकून गाता येतं आणि कान झोपलेला राहतो. शिवाय पेटीचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. नीट जुळवलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून तो गंधार आपोआप उमटतो. मला तो ऐकू यायला वर्ष लागलं. ज्या दिवशी आला त्या दिवशी मी तार धरून हसत बसले होते. (मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आमच्याच गावातली निम्मी मुलं मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करतात! असो. मोबाइलचा तर मोबाइलचा, पण तंबोरा हवा.) परदेशातल्या भाचे-पुतण्यांनी तर तो स्वतःच्या बाजूला लावावा. इंटरनेटवर आवाज उशिरा पोचतो, गुरुजींबरोबर एकसुरात गाता येत नाही.

दुसरी अडचण परीक्षांची. पूर्वी गाणं मिळवायला गुरूच्या घरी वर्षानुवर्षं सेवा करावी लागे. विष्णु दिगंबर पलुसकर आमच्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. त्यांनीच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं. तुमच्या-माझ्यासारख्या गृहिणी, मास्तरणी आज फी भरून सा शिकतात, त्यामागे त्यांचे उपकार आहेत. पण वर्ग आला की परीक्षा आली आणि परीक्षा आली की आईबाप आले! 'प्रारंभिक'ला किती मार्क पडले, यावर मुलाचं गाणं मोजलं जातं. मुलांचं एक वेळ सोडा, मोठ्यांनी तरी पहिल्या वर्षी परीक्षेला बसू नये. रोज सकाळी वीस मिनिटं बसावं. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा ते बरं.

आणि "मला सूरच नाही" म्हणणाऱ्यांबद्दल. ज्यांना दोन स्वरांतला फरकच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. उरलेल्यांना थोडं खोदून विचारलं की बहुतेकदा शाळेचं स्नेहसंमेलन निघतं. समूहगीतात उभं करून "तू नुसते ओठ हलव" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. स्टाफरूममध्ये हे वाक्य मी हसत हसत सांगताना ऐकलंय. सांगणारे दुपारपर्यंत विसरतात, पण ते मूल चाळीस वर्षं ओठ हलवत राहतं. आमच्या क्लासात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते, त्यांना सा सापडायला पाच आठवडे लागले. आज ते यमन नीट म्हणतात. साधासा, पण सुरात.

जाऊबाईंना मी एकच काम सांगितलंय. पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये आहे, ते पुसायचं नाही आणि दिवाळीपर्यंत ऐकायचंही नाही. तोवर दर मंगळवारी क्लासला जायचं. "बघते," म्हणाली. पण परवा फोन केला तेव्हा टीव्ही बंद होता, मागे तंबोरा चालू होता.