विश्लेषण : पोषण आहारासाठी चेहरा दाखवायचा, पण मोबाइलला डोळे का सापडत नाहीत?

अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी केंद्राने १ जुलै २०२५ पासून ‘पोषण ट्रॅकर’ अॅपवर चेहरा पडताळणी बंधनकारक केली. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी पालकाचा चेहरा जुळावा लागतो. मोखाडा तालुक्यातील खोडाळ्याच्या पाड्यांवर हा नियम आला तो ऐन आषाढात. अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी विरोध केला, नेटवर्कची चर्चाही झाली. मात्र नेटवर्क असलं तरी एक अडचण उरतेच.

डोळेच आधी का?

चेहरा ओळखण्याआधी संगणक चेहऱ्यावरच्या खुणा शोधतो. त्यात मुख्य आधार दोन डोळ्यांचा. त्यांना जोडणारी रेषा आडवी येईल असा फोटो फिरवला जातो, दोघांमधल्या अंतरावरून आकार ठरतो आणि मग जुन्या फोटोशी तुलना होते. डोळ्याची जागा थोडी चुकली की सगळा चेहराच तिरका बसतो. बाई तीच, पण अॅप म्हणतं जुळत नाही.

उजेडाचा काय संबंध?

साध्या कॅमेऱ्याला चेहऱ्यावर पडलेला उजेडच दिसतो. पावसाळी दुपार, कौलारू खोली, डोक्यावर पदर आणि मागे उघडं दार, म्हणजे डोळ्यांच्या जागी नुसती सावली. त्यात आपली बुबुळं गडद, त्यामुळे बाहुली वेगळी दिसत नाही.

इन्फ्रारेड कॅमेरा स्वतःचा अदृश्य प्रकाश टाकतो. दिवा भिंगाला अगदी लागून असेल तर प्रकाश डोळ्याच्या पडद्यावरून परततो आणि बाहुली चमकते. दिवा बाजूला नेला की ती काळी दिसते. दोन्ही चित्रांची वजाबाकी केली की चमकणारे दोन ठिपके उरतात. तेच डोळे! आधारचं बुबुळ स्कॅनही इन्फ्रारेडवरच चालतं. पहिली आधार कार्डं २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिली गेली होती. २०१७ च्या आयफोन एक्समध्येही असा कॅमेरा आला. अंगणवाडीतल्या साध्या मोबाइलमध्ये तो नसतो. (उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा वेगळा. त्याला चष्म्याची काच काळी दिसते, डोळे त्यामागे लपतात.)

मग इन्फ्रारेड यंत्रं द्यायची का?

तेवढ्याने भागणार नाही. नोंदणीचा फोटो साध्या उजेडातला, नवा इन्फ्रारेडमधला. दोन्ही जुळवणं हेच आणखी अवघड. त्यापेक्षा आईला उजेडाकडे तोंड करून उभं करणं, भिंग पुसणं, नोंदणीचा फोटो नव्याने काढणं जास्त उपयोगी.

तरीही जुळलं नाही तर? सेविका त्या मुलाचं वजन दर महिन्याला करते, आईला नावाने हाक मारते. तिची नोंद ग्राह्य धरून आहार त्याच दिवशी द्यायला हवा, विशेषतः कुपोषणाशी इतकी वर्षं झुंजणाऱ्या जव्हार-मोखाड्यात. शिवाय न जुळलेल्या चेहऱ्यांची संख्या तालुकावार जाहीर व्हावी. वसईपेक्षा मोखाड्यात नकार जास्त निघाले, तर आधी तिथला उजेड आणि मोबाइल तपासावे लागतील.